कोटाचं माप

त्या कचेरीत माणसं टिकत नसत. कचेरी वाईट होती असंही नाही. डोक्यावर छप्पर होतं, दुपारी चहा यायचा, पगार वेळेवर व्हायचा. सरकारी खात्याकडून माणसाने याहून जास्त काय मागावं? पण नेमणुकीचा आदेश मिरवत आलेलं माणूस वर्ष फिरायच्या आत तोंड पाडून निघून जायचं. कोणी खाजगीत जाई, कोणी वशिला लावून दुसऱ्या खात्यात बदली करून घेई, कोणी नुसतंच यायचं बंद होई. टेबलांवरच्या नावांच्या पाट्या बदलून बदलून रंगारी कंटाळला आणि शेवटी पाट्या लावणंच बंद झालं.

या सगळ्यात जागचा हलला नाही तो एकटा हेडक्लार्क. त्याला मागे सगळे 'खुंटी' म्हणत. वरचे साहेब आले नि गेले, भिंतींचे रंग बदलले, खुंटी आपली होती तिथेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं पाठ करणं त्याने कधीच सोडून दिलं होतं. येणारी ती 'नवी', जाणारी ती 'जुनी', एवढ्यावर त्याचं काम भागत असे. आपली गोष्ट अशाच एका नवीची आहे.

ही नवी लग्न झालेली, एका मुलीची आई. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. घरात ती, सासूबाई आणि चार वर्षांची चिमणी. चिमणी हे काही पाळण्यातलं नाव नव्हे, पण पोर दिवसभर चिवचिवायची म्हणून तेच पडलं. संध्याकाळी जिन्यावर आईचं पाऊल वाजलं की ती हातातलं टाकून दाराशी धावायची. नवीच्या सगळ्या दिवसाची कमाई म्हणजे ते धावत येणं. पगार त्याच्या खालोखाल.

खातं होतं दृष्टी गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या देखभालीचं. नवीला काम मिळालं फिरतीच्या बाईचं. घरोघर जायचं, औषधं आहेत का बघायचं, दोन शब्द बोलायचं आणि माणूस ठीक आहे असं कचेरीत येऊन सांगायचं. तिने सांगितलं की म्हाताऱ्यांची मदत चालू राही. पण कुण्या शहाण्याने एक नियम करून ठेवला होता. फिरतीची बाई बदलली की सगळ्यांची फेरतपासणी व्हायची, आणि फेरतपासणी होईपर्यंत मदत बंद. बायका तर सारख्याच बदलत. म्हणजे म्हाताऱ्यांनी हवा खाऊन जगायचं.

यावर खुंटीने तोड काढली होती, आणि त्याच्या मते ती पुण्याचीच होती. त्याने बाई बदलूच द्यायची नाही असं ठरवलं. सर्वांत पहिली जी फिरतीची बाई होती, ती या कामात म्हातारी होऊन वारली. तिचा एक गडद निळा, जाड लोकरीचा, पितळी बटणांचा कोट कचेरीत राहिला होता. आंधळी माणसं तिला त्या कोटावरूनच ओळखायची. हाताला लागणारी लोकर, कापराचा वास, बटणांचा किणकिणाट. पुढच्या प्रत्येकीने तोच कोट घालायचा आणि म्हाताऱ्यांनी विचारलं की "हो, मीच" म्हणायचं. कागदोपत्री बाई तीच, म्हाताऱ्यांना बाई तीच, मदत चालू. यात कोणाचं काय बिघडलं, असं खुंटी विचारायचा.

काम सोपवणं, ज्याला कचेरीत चार्ज देणं म्हणतात, ते जिन्यात उभ्याउभ्या झालं. जुनीला जायची घाई होती. तिने पहिल्या बाईची सगळी माहिती घडाघडा सांगितली. उजवा गुडघा दुखतो म्हणायचं. चहा बिनसाखरेचा घ्यायचा. मुलगा परदेशात आहे आणि फोन करत नाही, त्याबद्दल सुस्कारा टाकायचा. फार हसायचं नाही. नवीने हसतच विचारलं की हे नाटक किती दिवस करायचं? जुनीला हसू आलं नाही. तिने कोट काढून नवीच्या हातात दिला, म्हणाली, "सुरुवातीलाच नाटक वाटतं." मग कठड्याला धरून, उजवा गुडघा सांभाळत ती जिना उतरून गेली. ही अजून पस्तिशीचीसुद्धा नसेल, नवीच्या मनात आलं.

कोट नवीला मुळीच बसेना. खांद्यात ढगळ, कमरेत ढगळ, आणि तिचे हात मुळात लांब, त्यामुळे मनगटं बाहेर डोकावायची. सासूबाईंनी पाहिलं आणि विचारलं की बुजगावण्याची नोकरी कधीपासून निघाली. चिमणी कोटात शिरून लपली. घर हसलं.

फिरतीतलं शेवटचं घर मास्तरांचं. मास्तर म्हणजे शिंपी, आयुष्यभर कपडे बेतलेला माणूस. चष्म्याच्या दुकानावर त्यांची एकच खोली होती. खिडकीशी शिलाईचं यंत्र अजून उभं, त्यावर स्वच्छ पांघरूण, आणि भिंतीला कात्र्या मोठ्या-लहान अशा ओळीने टांगलेल्या. पहिल्याच दिवशी "या बाई" म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि सवयीने नवीच्या खांद्यांवर ठेवले. हात बाहीवरून खाली सरकले, मनगटाशी आले आणि थबकले. नवीच्या तोंडचं पाणी पळालं. मग मास्तर हात काढून घेत म्हणाले, "चहा बिनसाखरेचाच ना?"

"हो, मीच," नवी म्हणाली. उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं हे तिच्या लक्षात आलं तोवर मास्तर स्टोव्हकडे वळले होते.

बिनसाखरेचा चहा पहिल्यांदा तिने नाक मुरडून प्यायला. मग सवय झाली. मग एके दिवशी घरी सासूबाईंनी नेहमीचा चहा दिला तो तिला गिळवेना. गुडघ्याचंही तसंच. खोटं खोटं लंगडताना पाय वाकडा पडत असेल अशी तिने समजूत घातली. म्हाताऱ्यांच्या जिन्यांना दोष दिला. चप्पल बदलली. पण गुडघा उजवाच दुखायचा आणि जिना नसतानाही दुखायचा. थंडी पडली तेव्हा कोट अंगाला छान धरू लागला. अंग भरलं असेल, तिला वाटलं. पण मनगटं बाहीत गेली होती. खाऊन-पिऊन कोणाचे हात आखूड होतात?

एका दुपारी भांडी आवरता आवरता ती सुस्कारा टाकून म्हणाली, "कार्ट्याला एक फोन करायला होत नाही." सासूबाईंनी विचारलं, कोण कार्टं? तुझा नवरा? कालच तर त्याचा फोन आला होता. नवी ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर एक मुलगा होता, कपाळावर खोक पडलेला, हट्टी हनुवटीचा. तो कोणाचा हे तिला माहीत होतं. पण त्याची आठवण येऊन पोटात जे तुटलं होतं ते तिचं स्वतःचं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

त्यानंतर चिमणीचं धावत येणं कमी झालं. जिन्यावर पाऊल वाजे, पण पोर दाराशी येत नसे. पाऊलच ओळखीचं वाटत नसेल, लंगडतं पाऊल. एकदा दार सासूबाईंनी उघडलं आणि अगदी अदबीने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" मग त्याच ओशाळल्या, चष्मा लावला नव्हता म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

आणि एका रविवारी नवी चिमणीला भरवत होती. पोर मुकाट्याने घास घेत होती. परक्या घरी आलेलं मूल घेतं तसे, गुणीपणाने, जपून. दोन-तीन घास झाल्यावर तिने विचारलं, "माझी आई कधी येणार?"

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि पोरीला रागावल्या. पण रागावताना त्यांनीही सुनेच्या तोंडाकडे पाहिलं नाही. नवीने ताट खाली ठेवलं. तिला रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, पण झालं काय तर तोंडातून एक लांब सुस्कारा निघाला. तो तिचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने फिरतीतली बाकीची घरं सोडली आणि थेट मास्तरांकडे गेली. दारातच तिने सांगून टाकलं की मी ती बाई नाही, ती वारली, तिच्यानंतर कितीजणी आल्या आणि गेल्या, तुम्हाला फसवलंय. मास्तरांनी तिला बसायला सांगितलं. मग शांतपणे म्हणाले की मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. शिंप्याला खांदा कळत नाही होय? प्रत्येकीच्या खांद्यांवरून मी हात फिरवला. एक बारीक होती, पाखरासारखी. एकीचा पाठीचा कणा किंचित वाकडा होता. तुमच्या आधीची आडव्या हाडाची होती. सगळ्या आठवतात, कचेरीत कोणाला आठवत नसल्या तरी. मी गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर औषधं बंद झाली असती. माझा स्वार्थ होता, बाई. रागवा हवं तर.

नवी रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, की मग त्या सगळ्यांचं झालं तरी काय.

"सगळ्यांचं एकच झालं," मास्तर म्हणाले. "पावसाळ्यात येणाऱ्या बाईचे खांदे हिवाळ्यापर्यंत तिच्यासारखे होतात. पहिलीसारखे. हा कोट माझ्या हातचा आहे. तिच्यासाठी शिवला, डोळे होते तेव्हा. असा कोट मी पुन्हा शिवला नाही. एक धागा इकडचा तिकडे नाही. कपडा इतका मापात बसला की तो माप सोडत नाही. मग माणूस बदललं, तर तो माणसालाच मापात घेतो."

खाली चष्म्याच्या दुकानात कोणीतरी भाव करत होतं. नवीने कोटाची बटणं काढायला घेतली आणि बोटं थांबली. काढून तरी काय उपयोग? आत आता कोण उरलं होतं? ते तिने बोलून दाखवलं. मास्तरांनी हात पुढे केला आणि कोट मागितला. म्हणाले, तुमचं माप माझ्याजवळ आहे, पहिल्या दिवसाचं. हात दीड बोट लांब. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा वर. मान ताठ. मी हा उसवतो आणि तुमच्या मापाचा करतो. ज्याने तुम्हाला नेलं तोच परत आणील.

आंधळ्या माणसाने कात्री चालवावी आणि कापडाला कळूही नये, असं ते काम होतं. बोटांनीच टाके शोधले, बोटांनीच उसवले. बाहीची आतली दुमड उलगडून तिची लांबी वाढवली, खांदे नव्याने बसवले. नवी तोवर खिडकीशी बसून सुया ओवून देत राहिली. संपलं तेव्हा मास्तरांनी कोट झटकून तिच्यापुढे धरला. तिने कोट घातला. आता तो तिला अजिबात बसेना, बाह्या तळव्यांवर आल्या. आणि नोकरीला लागल्यापासून प्रथमच तिला त्या ढगळपणाचा आनंद झाला.

दिवस लागले, पण उतार पडला. आधी गुडघा दुखायचा राहिला. मग एकदा चहात साखर कमी म्हणून ती सासूबाईंशी भांडली आणि सासूबाई खूश झाल्या. तो हट्टी हनुवटीचा मुलगा डोळ्यांसमोरून पुसला गेला. शेवटी एका संध्याकाळी जिन्यावर तिचं पाऊल वाजलं, आत काहीतरी पडून फुटलं आणि चिमणी धावत दाराशी आली. नवीने तिला उचललं आणि तिथेच, दारात बसून, पोटभर रडली.

इथे शहाणं माणूस काय करील? पळून जाईल. तिनेही तेच ठरवलं. कापडाच्या एका मोठ्या दुकानात नोकरी मिळत होती. निरोप घ्यायला ती मास्तरांकडे गेली, तेव्हा त्यांनी एकच मागणी केली. कोट इथे ठेवून जा, म्हणाले, मी त्याच्या चिंध्या करतो. तिची मान खाली गेली. कोट सरकारी होता. तो जमा केल्याशिवाय खुंटी सुटकेचा आदेश देत नसे, आणि त्या आदेशावाचून दुकानवाला कामावर घ्यायला तयार नव्हता.

"मग तुमचं माप त्या कोटातच राहील, बाई," मास्तर म्हणाले.

"राहू द्या. मी तर सुटते," ती म्हणाली आणि निघाली.

पुढची नवी आली ती अगदी कोवळी मुलगी होती, बिनलग्नाची, आदेश हातात धरून हसणारी. जिन्यात चार्ज देताना आपल्या बाईला सांगण्यासारखं बरंच होतं. तिने सांगितलं एवढंच, की कोट घालायचा आणि विचारलं की हो म्हणायचं. मुलीने विचारलं, हे नाटक किती दिवस? तिने उत्तर टाळलं आणि दोन्ही पायांनी धडधडत जिना उतरली. खुंटीने कोट जमा करून घेतला आणि मान वर न करता म्हणाला, "बरं आहे, जुनी."

कापडाच्या दुकानात तिचं चांगलं चाललं. तिथे हसायला शिकवलं. हळू, गोड आवाजात बोलायला शिकवलं. केस कापायला लावले. दिवसभर उभं राहून ती बारीक झाली, आणि मालकासमोर वाकून वाकून ताठ मान कधी झुकली ते तिला कळलंही नाही. नोकरी बदलली की माणूस थोडंफार बदलतंच, त्याचं कोणी मनावर घेत नाही. चिमणी जरा अबोल झाली होती. मोठी होतेय, सासूबाई म्हणायच्या. त्याही हल्ली सुनेशी बेताचंच बोलायच्या.

मग एका सुट्टीच्या सकाळी त्या दोघी बाजाराच्या रस्त्याने चालल्या होत्या, मायलेकी. समोरच्या पदपथावर गर्दी होती. चिमणीने एकदम हात सोडवून घेतला आणि "आई!" अशी हाक मारून ती रस्त्यापलीकडे धावली. ही धावत पलीकडे पोचली तेव्हा चिमणी एका निळ्या कोटाला घट्ट बिलगली होती.

कोटातली बाई खाली वाकली होती. तिने पदराने पोरीचं नाक पुसलं, कानामागची बट सारखी केली आणि चिमणीच्या कपाळावर कपाळ टेकवलं. आपण अगदी असंच करायचो, हिला आठवलं. करायचो, कधी बंद झालं? बाईने मान वर केली. मान ताठ होती. डावा खांदा जरा वर होता. बाही मनगटावर तंतोतंत बसली होती. तोंड त्या कोवळ्या मुलीचं होतं खरं, पण पूर्वी आरशात स्वतःचं दिसायचं तसं ते दिसत होतं.

ती मुलगी घाबरी झाली होती. "माझं लग्नसुद्धा झालेलं नाही हो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण महिनाभर रोज संध्याकाळी मला हिची आठवण येते. हिचं नाव चिमणी ना?"

चिमणीला सोडवायला बळ लावावं लागलं. पोर रडली नाही. परतताना ती मागे वळून बघत राहिली आणि हिच्या हातातला तिचा हात नुसताच होता, धरलेला नव्हता.

सोमवारी आपली बाई कापडाच्या दुकानात गेली नाही. ती कचेरीत गेली आणि जुनी जागा परत मागितली. खुंटीने पहिल्यांदाच खुर्चीतून उठून कोणाकडे नीट पाहिलं. सोडून गेलेलं माणूस परत आलंय असं त्याच्या उभ्या नोकरीत घडलं नव्हतं. त्या कोवळ्या मुलीने जिन्यात कोट काढून दिला आणि पुन्हा आत पाऊलही न टाकता पळाली. तिची सुटका झाली असेल, अशी आशा करू. खुंटीने विचारलं, "आता राहणार ना?" बाई म्हणाली की राहीन. सांगताना तिला ठाऊक होतं, की आता जायचं म्हटलं तरी जाता यायचं नाही. आपलं सगळं जे आहे ते या खुंटीवर टांगलेलं असणार.

कोट तिला थोडा सैल झाला होता. काही दिवसांनी बसला.

बसला त्या संध्याकाळी ती जिना चढून वर आली. दार सासूबाईंनी उघडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "आलीस एकदाची," त्या म्हणाल्या, "किती वाट बघायची माणसाने." रोज याच दाराने ती घरी येत होती. रोज याच सासूबाईंच्या हातचं जेवत होती.

आतून चिमणी धावत आली, कोटाला बिलगली आणि लोकरीत तोंड खुपसून उभी राहिली. मग मान वर करून, घरात कोणी ऐकत तर नाही ना हे बघून, तिने हळूच विचारलं, "आई, ती दुसरी बाई गेली का आपल्या घरातून?"

"गेली, बाळा," आई म्हणाली, आणि तिने कोटाची बटणं काढली नाहीत.